कचरा फेकणाऱ्याला टोकायचं की नाही? (फुटाळ्यावरचा प्रसंग)

फुटाळ्याची_चिमणी

नमस्कार मंडळी. चार दिवस झाले, डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

रविवारी संध्याकाळी लेकीला घेऊन नागपूरच्या फुटाळा तलावावर गेले होते. भुट्टा खात काठावर बसलो होतो. समोर एक पांढरी गाडी उभी होती. आत नवरा-बायको, मागे दोन मुलं. काच खाली झाली आणि गच्च भरलेली प्लास्टिकची पन्नी बाहेर आली. कागदी प्लेटा, ग्लास, पाण्याच्या दोन बाटल्या. पन्नी फुटली आणि उरलेली चटणी माझ्या लेकीच्या चपलेवर उडाली. मी उठले, सगळं गोळा केलं, काचेवर टकटक केलं आणि म्हटलं, "दादा, हे तुमचं खाली पडलं."

तो म्हणाला, "पडलं नाही, टाकलं. झाडायला माणसं ठेवलीत ना? तुमच्या बापाचा रस्ता आहे का?"

मी म्हटलं, "माझ्याही बापाचा आहे, तुमच्याही." त्यावर तो गाडीतून उतरला आणि दोन पावलं अंगावर आला. भुट्टेवाल्या मावशी मध्ये आल्या म्हणून तिथेच थांबलं. गाडी निघून गेली, पन्नी माझ्या हातात राहिली.

लेक नऊ वर्षांची आहे. रात्री झोपताना म्हणाली, "आई, तू कशाला बोललीस? त्यांनी तुला मारलं असतं तर?" नवराही तेच म्हणतो, आजकाल कुणाच्या डिक्कीत काय असतं सांगता येत नाही. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट टोचते आहे. त्याच्या अर्धा तास आधी गाड्यांवर बसलेल्या चार पोरांनी चिप्सची पाकिटं पाण्यात फेकली होती. त्यांना मी एक शब्द बोलले नाही. चौघं होते म्हणून.

तुम्ही टोकता का? कसं टोकता? आणि सोबत लेकरू असेल तर?

तर्री_जास्त

हाव ताई, बरोबर केलं तुम्ही. पण एकट्यानं नाई भिडायचं. बाजूच्या दोघा-तिघांकडे पाहून जोरात म्हणायचं, "पाहा ना भाऊ, काय करून राहिले हे!" आजूबाजूचे वळून पाहतात, मग समोरचा अर्धा होऊन जाते.

काटोल_रोड

मी उलट सांगतो. टोकू नका. माझ्या मेहुण्यानं सदरमध्ये एकाला थुंकण्यावरून टोकलं, त्यानं चार मित्र बोलावले आणि मेहुण्याचा चष्मा फुटला. डोळा वाचला हे नशीब. पोलिसात गेलो तर तीन तास तिथेच. कचरा उद्या उचलता येतो, डोळा परत येत नाही. फोटो काढा, स्वच्छता ॲपवर टाका, घरी जा.

सायकलवाली

@काटोल_रोड, मेहुण्यांचं वाचून वाईट वाटलं. पण ॲपवर कचऱ्याच्या ढिगाचा फोटो जातो, फेकणाऱ्याचं काय? आणि त्याचा चेहरा टिपायला गेलं तर भांडण आणखी मोठं होतं. गाडीत बायका-मुलं असताना कुणी मोबाइल रोखला तर माझाही नवरा उतरला असता. मोबाइल रोखणं हे टोकण्यापेक्षा जास्त चिथावणारं आहे, हा माझा अनुभव.

खामल्याचे_आजोबा

चिमणीताई, तुमच्या लेकीचा प्रश्न मनाला लागला.

माझं वय 74. टोकण्याची खोड जुनी आहे. त्यात दोनदा शिव्या खाल्ल्या, एकदा धक्का खाल्ला. त्यातून एवढं उमगलं की पहिलं वाक्य कचऱ्याबद्दल नसावं. बागेत कुणी केळीचं साल टाकलं तर मी शेजारी जाऊन बसतो. गाव कोणतं, काय करता, एवढं विचारतो. मग उठताना ते साल उचलतो आणि म्हणतो, "चला, हे मी टाकतो डब्यात, तिकडेच जातोय." दहातले सात जण माझ्या हातून ते साल काढून घेतात. वयाचा फायदा मिळतो हे मान्य. पंचविशीतल्या मुलीनं असं केलं तर वेगळा अर्थ काढणारे महाभाग आहेत.

तुमचं "खाली पडलं" हे वाक्य चांगलं होतं, पण ते काचेवर टकटक करून आलं. बंद गाडीत बसलेल्या माणसाला टकटक म्हणजे घरात शिरल्यासारखं वाटतं. आणि बायको-मुलांसमोर चूक कबूल करणं पुरुषाला फार जड जातं. त्याला सुटायला वाट ठेवली पाहिजे.

माझे वडील अमरावतीकडचे. त्यांनी गाडगेबाबांना पाहिलं होतं. बाबा गावात आले की आधी खराटा हाती घ्यायचे, गाव झाडायचे, आणि मग रात्री कीर्तनात लोकांना बोल लावायचे. दिवसभर त्यांना झाडताना पाहिलेलं असल्यामुळे रात्रीचं बोलणं लोक ऐकून घेत. आधी आपले हात मळले पाहिजेत, मग तोंड उघडावं.

ऐवजदाराची_लेक

आजोबा, मनापासून आदर ठेवून बोलते. बाबांचं नाव सगळे घेतात. पण खराटा इतक्या वर्षांनंतरही त्याच घरांत आहे.

माझी आई ऐवजदार म्हणून झाडायची. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कायम नोकरी नाही, काम मात्र रोजचं. पहाटे निघायची. मेच्या महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी घरी आली की तळपाय भाजलेले असायचे. तिला लोकांनी काय काय म्हटलं ते मी लहानपणापासून ऐकलं. झाडून झालेल्या जागेवर तिच्यासमोर कागद टाकायचे आणि तिने वर पाहिलं तर म्हणायचे, "तुझंच काम आहे ना?" चिमणीताईंना गाडीवाला म्हणाला ते "माणसं ठेवलीत" हेच वाक्य. ती "ठेवलेली माणसं" म्हणजे माझी आई.

आई कधी कुणाला टोकू शकली नाही. टोकलं असतं तर तिचीच तक्रार झाली असती. म्हणून ज्यांना टोकणं परवडतं त्यांनी टोकावं, असं मला फार वाटतं. फक्त गरीब पोरांवर ओरडून गाडीवाल्यांसमोर गप्प बसू नका. ताई, तुम्ही गाडीवाल्याला टोकलंत. माझ्याकडून तुम्हाला नमस्कार.

खामल्याचे_आजोबा

बाळ, तू म्हणतेस ते खरं आहे. मी हे या बाजूनं पाहायला हवं होतं. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

बर्डी_ते_बुटीबोरी

मी रोज मेट्रोनं जातो. 2019 मध्ये सुरू झाली तेव्हा ऑफिसात सगळे म्हणाले, वर्षभरात तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्यांनी लाल होईल. नाही झाली. सीताबर्डीच्या स्टेशनवर रोज हजारो माणसं गाडी बदलतात, फरशी चकचकीत असते. तोच माणूस खाली उतरतो आणि पहिल्याच पिलरवर पिचकारी मारतो. म्हणजे त्याला कळत नाही असं नाही. वर गार्ड आहे, कॅमेरा आहे आणि जागा आधीच स्वच्छ आहे. स्वच्छ जागेवर पहिला डाग पाडायला माणूस कचरतो, दहाव्या डागाला त्याला काही वाटत नाही. म्हणून टोकण्यात शक्ती घालवण्यापेक्षा जागा साफ ठेवा.

काटोल_रोड

आणि दंड! मनपाचं उपद्रव शोध पथक आहे ना, माजी सैनिकांचं. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला 100 रुपये, दुकानदाराला 400, असा हिशोब पेपरात वाचला होता. वर्दीतल्या माणसानं टोकलं की कुणी "बापाचा रस्ता" म्हणत नाही.

सायकलवाली

फुटाळ्याला चार जणांचा खर्च 600 होतो, त्यात 100 रुपयांचा दंड म्हणजे आणखी एक प्लेट. आणि रविवारी संध्याकाळी अख्ख्या शहरात पथक कुठे कुठे पुरणार?

पानठेला_कोपरा

खर्ऱ्याचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. आमचा पानठेला आहे, बाबांच्या काळापासून. शिव्या देऊ नका, खरं ते सांगतो.

बाहेरच्यांना खर्रा समजत नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर टाकायचा, घोटायचा आणि पन्नीत बांधून द्यायचा. गिऱ्हाईक तो तिथं संपवत नाही. खिशात ठेवते, चिमूट चिमूट करत दोन-तीन तास पुरवते. संपतो तेव्हा तो माणूस कुठं असते? सिग्नलवर, साइटवर, दवाखान्याच्या जिन्यात. पन्नी तिथं पडते. म्हणून ठेल्यासमोर कितीही मोठा डबा ठेवला तरी काही होत नाही. मी ठेवून पायला, चहाचे कप पडतात त्यात, पन्नी नाई.

टोकूनही पायलं. गिऱ्हाईक म्हणते, "खर्रा दे, ग्यान नको देऊ."

मग मागच्या दिवाळीपासून एक केलं. जो स्टीलची डब्बी घेऊन येईल त्याले सुपारी जरा जास्त. पन्नी धुऊन ठेवतो, घोटून झालं की डब्बीत टाकतो. पहिल्या महिन्यात दोघं आले, आता बारा-तेरा जण रोजचे आहेत. एकेक जण दिवसाले चार-पाच खर्रे नेते. म्हणजे दिवसाच्या पन्नास-साठ पन्न्या माझ्या एका ठेल्यावरून नालीत जायच्या थांबल्या.

सायकलवाली

दादा, पन्नीचं फार छान केलंत. पण माझे काका जबड्याच्या कॅन्सरनं गेले, तोंड एक बोटभर उघडायचं नाही शेवटी. ती जास्तीची सुपारी वाचून गलबलून आलं. गुटखा 2012 पासून बंद आहे राज्यात, खर्रा मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर.

पानठेला_कोपरा

ताई, तुमचं दुःख मले समजते. माझ्या बाबांचंही तोंड उघडत नाही आता. धाकट्या भावाले मी ठेल्यावर बसू देत नाही, आयटीआयले टाकलं आहे. दोन वर्षांत चहा-नाश्त्याचा ठेला करायचा विचार आहे. सुपारीचं तुमचं बरोबर आहे. डब्बीवाल्याले सुपारीच्या जागी एक चहा देतो उद्यापासून.

वैनगंगाकाठ

मी पवनीकडचा. नागपूरकर मंडळींना एक विचारतो, तुम्ही पाण्यात टाकलेलं पुढे कुठे जाते हे ठाऊक आहे का? तुमची नाग नदी लाव्याच्या टेकड्यांकडून निघते, अंबाझरीवरून अख्खं शहर ओलांडते, पिवळी नदी घेते आणि कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला. आणि वैनगंगेवर आमचं गोसीखुर्द. तुमच्या नालीतली पन्नी आमच्या धरणात येते.

धरणाच्या पाण्यात आमचे ढिवर बांधव जाळं टाकतात. पहिल्या पावसानंतर जाळं ओढलं की वजन लागते. मासोळी आहे असं वाटते आणि निघते काय, पन्न्या, थर्माकोल, बाटल्या. जाळं फाटते ते वेगळं. एका काकांनी मला एक खर्ऱ्याची पन्नी दाखवली होती, रबर तसंच गुंडाळलेलं. त्यांनी कोणाला टोकावं? फेकणारा शंभर किलोमीटरवर बसला आहे.

फुटाळ्याची_चिमणी

@वैनगंगाकाठ, तुमचं लिहिलेलं लेकीला वाचून दाखवलं. तिनं वहीत नदीचा नकाशा काढला आहे, फुटाळ्यापासून गोसीखुर्दपर्यंत. मध्ये छोट्या छोट्या पन्न्या काढल्या आहेत.

दक्षिणायन

आम्ही अंबाझरी लेआउटमध्ये राहतो. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आयुष्यात विसरणार नाही. झोपेतून उठलो तो पाय पाण्यात. सासूबाईंना खुर्चीसकट उचलून वरच्या मजल्यावर नेलं. पाणी ओसरल्यावर स्वयंपाकघरात गाळ होता आणि गाळात कितीतरी पन्न्या. शहरभर लोक बिनधास्त नालीत टाकतात आणि ते कुणाच्या तरी चुलीपर्यंत येतं. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला टोकते. भीती गेली माझी.

बर्डी_ते_बुटीबोरी

ताई, तुम्ही जे भोगलं त्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. फक्त त्या पुराचं खापर कचऱ्यावर फोडू नये असं वाटतं. काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडली, आणि नागनदीचं पात्र जागोजागी आवळलेलं आहे. कचऱ्यानं पाणी तुंबतं हे खरं, पण पात्र मोकळं करणं हे पन्नी न फेकण्यानं होणार नाही. नाहीतर सगळा दोष सामान्य माणसावर जातो.

दक्षिणायन

मान्य आहे. दोन्ही गोष्टी मागायच्या. पात्राबद्दल आम्ही वस्तीतले लोक निवेदनं देतच आहोत. पण नदीचं पात्र मला एकटीला रुंद करता येत नाही, समोरच्याला टोकता मात्र येतं.

निळी_पाखरं

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या वस्तीचा अन्नदानाचा स्टॉल असतो. लाखोंची गर्दी. पहिल्या वर्षी आम्ही "कचरा टाकू नका" म्हणून ओरडून ओरडून घसा बसवला, तरी पत्रावळ्यांचा खच. दुसऱ्या वर्षी ओरडणं बंद. जेवणारा जिथे उभा राहून जेवतो तिथून दहा पावलांवर ड्रम आणि प्रत्येक ड्रमपाशी एक पोरगा. त्यानं काही बोलायचं नाही, फक्त हात पुढे करायचा, "द्या काका, इकडे." दूरच्या खेड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं, पाय सुजलेले, त्यांना मी कुठल्या तोंडानं दटावू? रात्री मैदानाचा आमचा तुकडा सगळ्यात स्वच्छ होता. शेजारच्या स्टॉलवाल्यांनी पुढच्या वर्षी आमच्याकडूनच ड्रम मागून नेले.

म्हणून चिमणीताई, फुटाळ्यावर तुम्ही बसला होतात तिथे डबा किती अंतरावर होता?

फुटाळ्याची_चिमणी

नव्हता. मी ती पन्नी घरी आणली.

तर्री_जास्त

राजेहो, पोळ्याच्या पाडव्याले मारबतीच्या मिरवणुकीत यंदा आपल्या धाग्याचा एक बडग्या, म्हणजे वाईटाचा पुतळा, काढायचा. भलामोठा माणूस, तोंडात खर्रा, हातात पन्नी. सगळे मिळून ओरडू, "घाण करणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!" अख्खं महाल ओरडलं की कोणाची हिंमत आहे अंगावर यायची?

दक्षिणायन

बडग्याच्या कपड्यांसाठी माझ्याकडे जुन्या चादरी आहेत. पुरात खराब झालेल्या, ठेवून दिल्या होत्या. खरंच काढणार असाल तर सांगा.

काटोल_रोड

गंमत सोडली तर माझा प्रश्न तोच आहे. उद्या पुन्हा अंगावर आला तर काय?

ऐवजदाराची_लेक

निघून जायचं, दादा. त्यात कमीपणा नाही. पण "लेकरू सोबत असताना बोलू नये" हे मला पटत नाही. माझी आई गप्प राहायची आणि मी शेजारी उभी असायची. ते गप्प राहणं मी अजून विसरले नाही. ताईंची लेक घाबरली, पण आईनं "माझ्याही बापाचा आहे" म्हटलेलं तिनं ऐकलं आहे.

फुटाळ्याची_चिमणी

काल पुन्हा रविवार होता. लेक म्हणाली, जाऊ या. मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाली, वाटते, पण मावशी आहेत ना.

घरातलं सिमेंटचं रिकामं पोतं धुऊन नेलं आणि भुट्टेवाल्या मावशींच्या गाडीशेजारी झाडाला बांधलं. मावशींनी आधी सालं टाकली. मग काय झालं माहीत नाही, पण भुट्टा घेणारे आपोआप खाऊन उरलेली कणसं पोत्यात टाकायला लागले. मावशी भुट्टा हातात देतानाच पोत्याकडे बोट दाखवायच्या, बस एवढंच. दोन तासांत पोतं अर्ध्याहून वर भरलं.

आणि ते चौघं आले. तेच, मी ओळखलं. चिप्स खात होते. माझ्या पोटात गोळा आला, खरंच. मी गेले आणि म्हटलं, "भाऊ, त्या पोत्याचं तोंड वाऱ्यानं मिटतंय, जरा धरता का?" एक जण आला, त्यानं धरलं. मग बाकीच्यांनी पाकिटं त्यातच टाकली. एकानं माझ्या लेकीला विचारलं, "शाळेचा प्रोजेक्ट आहे का?" ती म्हणाली, "नाही. हे गोसीखुर्दला जातं." त्याला काही कळलं नाही. मग तिनं वही काढून नकाशा दाखवला. चौघंही वाकून बघत होते.

पांढरी गाडी आली नाही. आली असती तर काय बोलले असते, याचा विचार अजून चालू आहे.

मावशींची एक मागणी आहे. पोतं नको म्हणतात, गाय तोंड लावते आणि फाडते. झाकणाचा ड्रम हवा.

निळी_पाखरं

आमच्याकडे 200 लिटरचे दोन ड्रम ऑक्टोबरपर्यंत पडूनच असतात. एक न्या. मोठा आहे, दुचाकीवर बसणार नाही.

तर्री_जास्त

माझ्या भावाचा छोटा हत्ती आहे. बुधवारी संध्याकाळी आणून टाकतो.

ऐवजदाराची_लेक

ड्रम ठेवाल, पण रिकामा कोण करणार? नाहीतर सोमवारी पहाटे कुणाच्या तरी आईला तो ओला, जड ड्रम एकटीला आडवा करावा लागेल.

फुटाळ्याची_चिमणी

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बरं झालं विचारलंस. आत दोन पोती लावू, ओलं-सुकं वेगळं, म्हणजे ड्रम हलवायला नको. त्या भागातली कचऱ्याची गाडी सकाळी किती वाजता येते ते मावशींना विचारते. सोमवारी ऑफिसला जायच्या आधी मी येऊ शकते, पण भरलेलं पोतं मला एकटीला उचलणार नाही.

खामल्याचे_आजोबा

मी रोज पहाटे फिरायला निघतोच. सोमवारपासून खामल्याऐवजी फुटाळ्याला येतो. पोत्याचं दुसरं टोक मी धरीन.

काटोल_रोड

आजोबा, तुम्ही पोतं उचलू नका. मी जवळच राहतो. साडेसहाला येतो.